भर उन्हात दिवे

बर्डीवरच्या एका दुकानात मी फ्लॅशगनची चौकशी करत होते. काउंटरपलीकडच्या मुलानं माझा कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, ‘‘ताई, फोटो कशाचे काढता? लग्नाबिग्नाचे?’’ म्हटलं, नाही, बाहेरचे. रस्त्यावरचे, शेतातले, जत्रेतले. माणसांचे जास्त, आणि बहुतेक दिवसाउजेडीच. यावर तो थांबला. फ्लॅशचा खोका अर्धवट उघडला होता, तो तसाच बाजूला सारून म्हणाला, ‘‘मंग तुमाले फ्लॅश कायले पायजे? नागपुरात उन्हाची कमी आहे का?’’

गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार आजकाल भेटतो कुठे? मला त्याचं कौतुकच वाटलं. त्याच्या बोलण्यात खोट काढावी असं काही नव्हतं. ‘‘विचार करते’’ म्हणून मी बाहेर पडले आणि व्हरायटी चौकाच्या सिग्नलला येऊन थांबले. मे महिना, दुपारचा एक. डांबर मऊ झालेलं, दुचाकीची सीट बसवत नाही अशी तापलेली, आणि वर महापालिकेनं ताणलेली हिरवी जाळी. त्या जाळीखाली थांबलेली सगळी माणसं हिरवट दिसत होती. जाळीच्या बाहेर उरलेल्यांच्या कपाळावर ऊन होतं आणि कपाळाखाली काहीच नव्हतं. एक आजोबा सायकल धरून उभे होते. ते माझ्याकडे बघत होते की पलीकडच्या रसवंतीकडे, सांगता येईना. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजले, पण त्या पोराचा प्रश्न काही सुटला नाही.

नागपूरला उन्हाची कमी नाही हे खरंच. मला अडतं ते ऊन येतं कुठून, यावर. आपलं गाव साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २६ मेच्या आसपास, ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. गच्चीवर पोरं बाटल्या, पेले, क्रिकेटचे स्टम्प उभे करून बघतात आणि सावली गेली की टाळ्या पिटतात. जुलैच्या मध्यावर हाच दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि कुणी वर बघत नाही. मी त्या वेळी स्टम्पकडे न बघता पोरांच्या तोंडाकडे बघते. स्टम्पची सावली जाते, माणसाची जात नाही. ती वर चढून बसते. भुवयांखाली, नाकाखाली, खालच्या ओठाच्या खाली. कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढराफट्ट, गालांवर थोडंसं ऊन, आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. समोर उभं राहून पाहिलं तर ते डोळे आपल्याला छान दिसतात, कारण आपली नजर उजेडातून सावलीत जाताना स्वतःला सावरून घेते. कॅमेरा एका वेळी एकच काय ते पत्करतो. कपाळ सांभाळलं की डोळे गेले, डोळे सांभाळले की कपाळ जळालं.

माझ्या आजोबांचा एकच फोटो आहे. काटोलजवळच्या शेतात, संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर, कुणा पाहुण्यानं काढलेला. कृष्णधवल. डोक्याला शेला गुंडाळलेला, गुडघ्यापर्यंत धोतर, आणि दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले, फोटोत हातांचं काय करायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. फोटो चांगला तीक्ष्ण आहे. धोतराच्या चुण्या मोजता येतात, डाव्या अंगठ्याचं फुटलेलं नख दिसतं, मागच्या झाडावरचं एखादं फळसुद्धा दिसतं. डोळे तेवढे दिसत नाहीत. शेल्याची घडी आणि माथ्यावरचं ऊन यांनी मिळून ते खाऊन टाकलेत. आजी सांगायची, ‘‘घारे होते. माह्या सासूवर गेले होते.’’ ते वारल्यावर या फोटोवरून मोठी रंगीत तसबीर करून घेतली. करणाऱ्या कलाकारानं खड्ड्यांत डोळे भरले, आणि ते काळेभोर भरले. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! तेव्हापासून आमच्या घरात भिंतीवर काळ्या डोळ्यांचे आजोबा आहेत आणि दरवर्षी पितृपक्षात त्यांना हार घातला जातो.

याच्या उलट आत्याच्या लग्नाचा अल्बम. महाल भागातल्या वाड्यापुढचा मांडव, वैशाख, सगळ्यांच्या अंगाला घामानं चिकटलेले जरीचे कपडे. फोटोग्राफर काका सडपातळ होते आणि त्यांच्या खांद्याला बॅटरीचा जड डबा लटकत असे. कॅमेऱ्याच्या शेजारी लोखंडी पट्टीवर उभ्या मुठीची फ्लॅशगन. प्रत्येक फोटोनंतर तिच्यातून एक बारीक आवाज निघायचा, वर वर चढत जाणारा, आणि तो ऐकू येईनासा झाला की मागचा तांबडा दिवा लागायचा. आम्ही पोरं तो दिवा लागायची वाट बघत त्यांच्या मागेच उभी असायचो. जेवणावळीआधी वऱ्हाडाचा सगळ्यांचा मिळून एक फोटो अंगणात, उघड्यावर घ्यायचा ठरला. काकांनी तिथेही फ्लॅश चढवला. बाबा मोठ्यानं म्हणाले, ‘‘हे बघा, आता हे भर उन्हात दिवे लावणार!’’ मांडवभर हशा. काका काही बोलले नाहीत. त्यांनी दिवा लागू दिला आणि फोटो काढला. त्या फोटोत चाळीसेक माणसं आहेत आणि प्रत्येकाचे डोळे दिसतात. फेट्याखालचे, पदराखालचे, जाड चष्म्यामागचे. आत्याचे घारे आहेत, हे तर लख्ख दिसतं. आजोबांचे डोळे कसे असतील याचा आमच्या घरातला तेवढाच एक पुरावा.

आता यातलं गणित. ते फार अवघड नाही, पण फ्लॅश घेताना कुणी समोर मांडत नाही. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा ते, आणि एफचा आकडा म्हणजे भिंगाचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तितकं तोंड मोठं. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ठेवला तर एफ/१६ ला शटर सेकंदाचा शंभरावा भाग, हा जुना नियम आजही चालतो. फ्लॅशसोबत शटरला मर्यादा असते. बहुतेक कॅमेऱ्यांत ती १/२०० किंवा १/२५० च्या जवळपास. शटरला दोन पडदे असतात. वेग यापुढे नेला की पहिला पडदा पूर्ण सरकायच्या आत दुसरा निघालेला असतो, मध्ये नुसती फट उरते, आणि फ्लॅशचा क्षणभराचा उजेड त्या फटीपुरताच पडतो. बाकी फोटो काळा. म्हणून १/२०० धरलं तर उन्हात एफ/११ आलं. आता फ्लॅशच्या खोक्यावर गाइड नंबर लिहिलेला असतो, त्याला या अकरानं भागायचं, की फ्लॅश किती मीटरपर्यंत पुरेल ते कळतं. जुन्या कॅमेऱ्यांच्या डोक्यावर उघडणारा छोटा फ्लॅश साधारण १२ गाइड नंबरचा असतो. १२ भागिले ११, म्हणजे जेमतेम मीटरभर. वर बसवायची मध्यम फ्लॅशगन ३६ ची धरली तर सव्वातीन मीटर. इथवर ऐकून माणूस मोठ्यात मोठा फ्लॅश मागायला निघतो. पण हा हिशेब उन्हाची बरोबरी करायचा आहे, आणि उन्हाची बरोबरी करायचीच नसते. सावली फक्त उसवायची असते. त्यासाठी उन्हाच्या पाव भाग उजेड पुष्कळ झाला. अंतर दुप्पट केलं की उजेड पाव होतो, त्या न्यायानं तीच मध्यम फ्लॅशगन साडेसहा मीटरवरून काम भागवते, आणि तो डोक्यावरचा छोटासुद्धा दोन मीटरपर्यंत. म्हणजे जवळ जायची लाज नसेल तर छोट्यावरही निभतं. गंमत अशी की नव्या मिररलेस कॅमेऱ्यांतल्या बऱ्याच जणांना तो छोटा फ्लॅशही नसतो. माझ्यालाही नाही.

मागचं सगळं धूसर करून नुसता चेहरा उठवायची हौस असेल तर गोष्ट महाग होते. एफ/२.८ लावलं की त्याच उन्हात शटर १/३२०० वर जातं. मग हाय स्पीड सिंकवाला फ्लॅश घ्या, जो एका झटक्याऐवजी भराभर लुकलुकून ती सरकती फट उजळत नेतो आणि त्यात आपली बरीचशी ताकद घालवून बसतो, किंवा भिंगापुढे काळी काच लावा. मला मागची पार्श्वभूमी धूसर करायची फारशी हौस नाही. इतवारी बाजारातल्या बाईमागची इतवारी पुसून टाकायची तर तिला तिथे कशाला गाठायचं?

भाचा म्हणतो, ‘‘मावशी, रॉमध्ये काढ आणि नंतर शॅडो ओढ. फ्लॅश वगैरे जुन्या लोकांचं काम.’’ रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेलं कच्चं चित्र, त्यातल्या सावल्या नंतर संगणकावर उजळता येतात. त्याचं अर्धं बरोबर आहे. हल्लीचे सेन्सर सावलीतून खरंच पुष्कळ काढून देतात. थोडे दाणे येतात, सावळ्या कातडीवर जरा मातकट छटा येते, चालवून घेता येतं. पण ओढून काढलेल्या सावलीत डोळ्यातला ठिपका येत नाही. बुबुळावर कुठूनतरी पडलेला तो पांढरा कण. तो नसला की डोळे दिसतात, पण माणूस बघतोय असं वाटत नाही. सॉफ्टवेअरनं तोही टाकता येतो म्हणे. मग तसबीर रंगवणाऱ्यानं काय वेगळं केलं होतं!

फ्लॅशचा उपयोग शून्य असलेल्या जागा तर ढिगानं आहेत, आणि लोक नेमके तिथेच तो उडवतात. अंबाझरीवर सूर्य बुडताना काठावरचे मोबाइल चमकत असतात. तो उजेड पहिल्या पायरीवरच दम टाकतो, तलावापर्यंत पोचतच नाही. दसऱ्याला कस्तुरचंद पार्कवर पेटलेल्या रावणावर शे-दोनशे फुटांवरून फ्लॅश मारणारे पाहिले की हसावं की रडावं कळत नाही. रावणाला त्या क्षणी तरी उजेडाची ददात नसते. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला इथे तर प्रश्नच नाही. अशा जंगलांत फ्लॅशला मनाई आहे आणि असायलाच हवी. पहाटे एका जिप्सीत कुणाचा तरी कॅमेरा आपल्या मर्जीनं चमकला तेव्हा गाइडनं ज्या शब्दांत त्याचा उद्धार केला ते इथे लिहिता येणार नाहीत. संध्याकाळी रस्त्यावर बसून राहणाऱ्या रातव्याच्या डोळ्यांवर तो लखलखाट काय करत असेल, याचा विचार करूनच मला कसंतरी होतं. आणि नवतप्यातल्या वावटळीत फ्लॅश लावलात तर भिंगाजवळच्या धुळीच्या कणांवर उजेड पडून फोटोभर पांढरी वर्तुळं उमटतात. आमच्या नात्यातल्या एकीनं अशा वर्तुळांचा फोटो देवघरात लावला आहे. मी तिला धुळीचं सांगितलं नाही. सांगून काय मिळवायचं होतं?

मग आधी रिफ्लेक्टर घेतला. ऊन परतवून चेहऱ्यावर टाकणारा, घडी करून ठेवायचा, चंदेरी-पांढरा पडदा. त्याचा उजेड मऊ, डोळ्यांना न बोचणारा, आणि मुख्य म्हणजे फोटो काढण्याआधीच दिसणारा. माणूसही बिचकत नाही. अडचण एवढीच की तो धरायला दुसरं माणूस लागतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात झळा सुटतात. फुटाळा तलावाच्या काठावर माझ्या मैत्रिणीच्या हातातून तो सुटला आणि रस्ता ओलांडून भुट्टेवाल्याच्या शेगडीवर जाऊन पडला. भुट्टेवाल्यानं तो झटकून, घडी घालून परत दिला. मला तीनदा करूनही ती घडी जमत नाही, त्याला पहिल्या फटक्यात जमली.

विकत न घेतलेला सगळ्यात मोठा रिफ्लेक्टर मी पाहिला तो दीक्षाभूमीवर. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, ती अशोक विजयादशमीच्या दिवशी, आणि तेव्हापासून दरवर्षी लाखो माणसं तिथीला आणि तारखेलाही इथे येतात. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पांढरी लुगडी. ऑक्टोबरचं ऊन काही कमी कडक नसतं. पण त्या गर्दीत शिरून चेहरे बघायला लागले तर कुणाच्याच डोळ्यांखाली तो काळा खड्डा नाही. शेजारच्या बाईच्या पदरावरून, पुढच्या माणसाच्या सदऱ्यावरून, स्तूपाच्या पांढऱ्या दगडावरून उजेड उसळून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर खालून येत होता. परभणीहून आलेल्या एक आजी पायरीवर भाकरी सोडून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवरचं पांढरं फडकं उजेड थेट त्यांच्या हनुवटीवर टाकत होतं. डोळ्यात ठिपके तर किती! फ्लॅश असता तरी मी तो पिशवीतच ठेवला असता. त्या दिवशी मला वाटलं, दुकानातला पोरगा बरोबर होता.

नंतर मारबत आली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, इतवारीच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे रोगराई हाकलायला काढलेले बाईचे मोठे पुतळे, निघतात. हे नागपूरकराला सांगायला नको, बाहेरच्याला सांगून कळत नाही. दोन्ही मिरवणुका एकमेकींना भेटतात, बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, नाचवले जातात, ‘ईडा पिडा रोगराई घेऊन जा गे मारबत’ चा गजर होतो. पावसाळी दिवस, मधूनच आभाळ फाटतं आणि चटका देणारं ऊन पडतं. गल्ल्या अरुंद. वर पाहावं तर आभाळाची एक पांढरी पट्टी, आणि खाली ओट्यांवर, खिडक्यांत, दुकानांच्या फळ्यांवर दाटीवाटीनं उभी असलेली माणसं, सगळी सावलीत. त्यात काळी मारबत अंगावर पडलेला उजेड गिळून टाकते. त्या वर्षी माझ्याकडे एका मित्राचा फ्लॅश होता. त्याच दिवशी तान्हा पोळा असतो, त्यामुळे ओट्याओट्यावर लाकडी नंदी घेतलेली, बोजाऱ्याच्या, म्हणजे खाऊ-पैशांच्या, आशेनं नटूनथटून बसलेली पोरं. अशाच एका ओट्यावर नातवाचा नंदी पोटाशी धरून एक म्हातारी उभी होती. कानात जुन्या घडणीच्या बुगड्या, कपाळावर आडवं मोठं कुंकू, एका डोळ्यात पडलेलं फूल. मी पहिला फोटो फ्लॅशशिवाय काढला आणि स्क्रीन तिच्यापुढे धरली. मिरवणूक चांगली आली होती, तिच्या जागी नंदीची लाल झूल धरलेली एक काळी आकृती होती. ‘‘हे कोन व?’’ तिनं विचारलं. मी फ्लॅश चालू करून दुसरा काढला. तो तिनं जवळ घेऊन नीट पाहिला. ‘‘मीच हो. पन एवढी गोरी मी कवा झाली माय?’’ शेजारच्या बाया हसायला लागल्या. मग पॉवर बत्तिसाव्या भागावर आणून तिसरा घेतला. कुंकवाचा लाल उतरला, बुगड्यांना चमक आली, फुलाचा डोळा आणि चांगला डोळा दोन्ही वेगवेगळे दिसले. ‘‘हं,’’ ती म्हणाली, ‘‘आता माही सून ओयखीन.’’

मग दुकानातलं ते उत्तर मला पटेनासं झालं. अंधाराला फ्लॅश पुरा पडत नाही. रात्रीचं आभाळ, तलाव, डोंगर, रोषणाई, यातलं काही त्याच्या आवाक्यातलं नाही. तो लागतो तो ऊन फार असलेल्या गावात, उन्हानं केलेल्या सावलीसाठी, आणि तोही माणूस हाताच्या अंतरावर असेल तर. कोडाईकनालच्या धुक्यात फोटो काढणाऱ्याला तो नसला तरी चालेल. नागपुरात दुपारी माणसं टिपणाऱ्याला तो नसेल तर त्याच्याकडे टोप्या, शेले आणि नाकं यांचा मोठा संग्रह जमेल.

तरी मन पुरतं वळत नाही. एका उन्हाळ्यात आमच्या वस्तीत सिमेंटचा रस्ता होत होता. दुपारी दोनला गोणपाट भिजवून रस्त्यावर अंथरणारा एक मजूर होता. गमछ्यातून फक्त डोळ्यांपुरती जागा उघडी, पाठीवर सदऱ्याला घामाच्या मिठाची पांढरी रेघ, आणि ती वाळून पुन्हा दुसरी रेघ. विचारून फोटो काढला. एक फ्लॅशनं, एक नुसत्या उन्हात. फ्लॅशच्या फोटोत त्याचा प्रत्येक तंतू दिसत होता, डोळे दिसत होते, आणि तो स्टुडिओत रस्त्याच्या चित्रासमोर उभा आहे असं वाटत होतं. ऊन कुठे गेलं? ते मीच पुसलं होतं. शून्य सावलीच्या गावात दुपारी काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांखाली सावली असणं हीच त्याच्या दिवसाची खरी हकीकत आहे. चौकाचौकातल्या फलकांवर नेत्यांचे चेहरे बघा. एकाच्याही नाकाखाली सावली नाही. ही मंडळी कधी उन्हात उभी राहिली असतील यावर विश्वास बसत नाही. मजुराचा दुसरा फोटो मी ठेवला.

आणि फ्लॅश बोभाटा करतो हेही आहेच. उन्हाला कुणी विचारत नाही की तू माझ्यावर का पडतोस. माझा फ्लॅश चमकला की अख्खी गल्ली वळून बघते. मारबतीच्या गोंगाटात ते खपून गेलं. भोसल्यांच्या वाड्याजवळच्या गल्लीत दुपारी पत्ते कुटत बसलेल्या चार म्हाताऱ्यांत ते खपणार नाही. एकदा चमकल्यावर पुढचे फोटो त्यांचे राहत नाहीत, फोटोसाठी बसलेल्यांचे होतात.

अशा सगळ्या घोळात शेवटी मी फ्लॅश घेतला. साधा, हातानं पॉवर ठरवायचा, सहा-सात हजारांतला. कॅमेऱ्याच्या कंपनीचाच घ्यायचा तर त्याच्या कितीतरी पट मोजावे लागले असते, आणि माझ्या कामाला तो स्वतःहून मोजमाप करणारा शहाणपणा नको होता. चार सेल, आणखी चार खिशात. उन्हाळ्यात तो गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही, आणि सलग उडवायचा नाही. तापला की मुकाट बंद पडतो, मग त्याला सावलीत बसवून आपणही बसायचं. वापर म्हणाल तर कमीच. पॉवर बत्तिसावा भाग, फार तर सोळावा.

दिवाळीनंतर काटोलला गेले तेव्हा अंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू होती. बाबांचे चुलतभाऊ, दादाकाका, आता ती बाग बघतात. बागेत चारनंतरचं ऊन आडवं येतं, पण झाडाखाली उभ्या माणसावर ते पोचत नाही. पानांतून गाळून येतो तो हिरवा उजेड, सिग्नलच्या जाळीखालच्यासारखाच. दादाकाका क्रेटला टेकून उभे होते, मागे झाडावर राहिलेली संत्री, त्यांच्यावर पिवळं ऊन, आणि काका हिरवे. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हाच्या रंगाचा असतो, सुमारे ५५०० केल्विन. कलत्या उन्हात तो निळसर आणि परका दिसतो. त्यावर उपाय म्हणून नाटकाच्या लाइटवाल्याकडून आणलेल्या नारिंगी जिलेटीन पेपरचा तुकडा मी फ्लॅशच्या तोंडाला चिकटवला. काकांनी तोडणी थांबवून ते पाहिलं. ‘‘संत्र्याचं साल कायले लावलं व त्याले?’’

समजावून सांगितलं. मग त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक साध्या उजेडातला, एक सालवाला. दुसऱ्यात त्यांचे डोळे स्वच्छ आले होते, घारे, आजोबांच्या आईकडून आलेले. मी तो फोटो बराच वेळ धरून होते. काकांनी दोन्ही पाहिले, पुन्हा पाहिले आणि पहिल्यावर बोट ठेवलं. ‘‘माहा हा ठेव. दुसरा तं जावयावानी दिसून रायला.’’

काकू मागे गोणपाटावर बसून फळं निवडत होत्या. त्या उठल्या, हात पदराला पुसले आणि कॅमेऱ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. ‘‘यांचं राहू दे. मले तो लाइटवालाच पायजे. आधारवर काळी, पासबुकावर काळी, सोसायटीच्या कार्डावर तं मी दिसूनच नाई रायली. एक तरी धड येऊ दे.’’

मी बत्तिसाव्या भागावर काढून दाखवला. माझ्या मते उत्तम आला होता, पदराच्या काठाखाली थोडी सावली, गालावर मागच्या उन्हाची कड. काकूंनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.

‘‘वाढव,’’ त्या म्हणाल्या.

सोळाव्या भागावर नेला.

‘‘अजून वाढव.’’